चर आणि चराई

आषाढातली सकाळ. डोंगराच्या पायथ्याला, आम्ही खणलेल्या चराच्या काठावर एक तांबडी घोडी उभी होती. पुढच्या दोन्ही पायांत दाव्याचं पायबंद, पाठीवर खोगीर उतरल्याची घामट खूण. शेजारच्या घोडीचं ओझं अजून उतरायचं होतं. वाकळा, वाघरीची गुंडाळी, जर्मनची पातेली आणि सगळ्यांवर डाल्यात कोंबलेल्या चार कोंबड्या. एका पिशवीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर आलेली.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या अंगावर. पलीकडे नायगावचं मयूर अभयारण्य, अलीकडे हा डोंगर. जमीन वनखात्याची, राखण गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीची. मी निवृत्त मास्तर, समितीत आहे. उतरलेल्या धनगरांना मेंढरांचा वाडा हलवा, एवढंच सांगायला गेलो होतो. वाड्यातल्या म्हाताऱ्या आबांनी घोंगडं झटकून अंथरलं आणि म्हणाले, “बसा गुरुजी.” मी बसलो. माणसाच्या घोंगड्यावर बसून त्याला हुसकावता येत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

“आबा, बोर्ड पाहिला ना? चराईबंदी आहे इथं.”

“वाचाया कुठं येतंय? पर बोर्ड दिसला की वळखायचं, बंदीच आसंल. ‘या’ म्हणून कुणी बोर्ड लावत न्हाई.”

मी माझी बाजू मांडली. हा डोंगर बोडका होता. गावानं उन्हाळाभर श्रमदान करून चर खणले, जनावर वर जाऊ दिलं नाही, तेव्हा कुठं पवन्या आणि मारवेल परत आलं. विहिरींना पाणी टिकू लागलं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून काय करून दाखवलं, तेही सांगितलं. तिथं गवत कापून नेऊ देतात, जनावर सोडू देत नाहीत. तुम्हीही कापून न्या.

“दोनशे तोंडांस्नी कोण कापून घालणार? आन मेंढरू चालत खातंय, गुरुजी. ते काय दावणीचं जनावर हाय?”

“मग चालत राहा की. आठ महिने या, कुणी अडवणार नाही. पावसाळ्याचे चार महिने तेवढे सोडा. गवताला बी धरू द्या. लांडोर याच दिवसांत जमिनीवर अंडी घालते आणि तुमच्याबरोबर कुत्री असतात.”

या चार महिन्यांवर आम्ही तासभर अडलो.

“आठ म्हैनं आमाला डोंगूर लागतोय कशाला?” आबा म्हणाले. “सुगी झाली की शेतकरी हाताला धरून नेतोय. मेंढरं बसवा म्हणतोय, रातीमागं दाणं देतोय, वर च्या पाजतोय. लेंड्यांवर त्याचं पीक हाय. आन मिरगाला पेरणी झाली की त्योच काठी घिऊन बांधावर हुबा. ऱ्हायलं काय? डोंगूर. तुमी म्हणता, जवा लागत न्हाई तवा घ्या.”

“पण बी नाही धरलं तर पुढच्या वर्षी गवतच नाही. नुकसान तुमचंही आहे.”

“बी धरल्यावर उघडणार. तवा त्याला कुसळं आलेली आसत्यात. लोकरीतनं कातड्यात शिरत्यात, कोकरांच्या डोळ्यात जात्यात. खायाजोगं हाय तवर बंद, टोचाया लागलं की उघडं.”

हे मला ठाऊक होतं. डोंगरावरून आलं की धोतरातली कुसळं आईला वेचून द्यायचो, इतकं जुनं ठाऊक. तरी चार महिन्यांचा ठराव लिहिताना ते आठवलं नव्हतं. मी तडजोड काढली. डोंगराचे तीन भाग करू, दरसाल एक पावसाळ्यात उघडा, दोन बंद. ज्या भागात लांडोरी बसतात त्यात कुत्री नकोत.

“तुमी बोललात, मी ऐकलं. पुढल्या साली गारड बदलला तर? त्याला कोण सांगणार कुठला भाग उघडा? म्हातारा मेंढका का?”

“गायरानात उतरा मग.”

“दावा गायरान.”

मी गप्प बसलो. आमच्या गायरानावर आता पाण्याची टाकी आहे, सौरपट्ट्या आहेत आणि काही जणांची शेतं आहेत. त्यातल्या एका शेताचा बांध माझ्या चुलतभावाचा आहे.

गप्प बसलेला मास्तर आवाज चढवतो, तसं झालं. म्हणालो, “आबा, खरं सांगू? डोंगर राखतो आम्ही. तुम्ही आठ रात्री राहता आणि पुढं जाता. जो राखतो त्याचं गवत.”

“आदी दोनच राती ऱ्हायचो. डोंगराला इसावा कुणी सांगाया लागत नव्हतं, आमी हललो की त्येला इसावा. आता म्होरचा डोंगूर बंद हाय, म्हणून हितं आठ. म्होरचा कुणी बंद केला? आसंच कुणीतरी गुरुजी आसतील.” मग थोडं थांबून, “आन दिवाळीमागं तुमच्या गावातली किती घरं उसाला जात्यात?”

“निम्मी तरी.”

“कोयता घिऊन पाच-सा म्हैनं. घराला कुलूप. मंग डोंगूर ऱ्हातो का त्यांचा?”

“राहतो की. गाव त्यांचं आहे.”

“ते जाऊन गावचं. आमी यिऊन भाईरचं.”

“त्यांची घरं इथं आहेत, आबा.”

त्यांनी पायबंद घातलेल्या घोडीकडं पाहिलं. “आमचं बी हाय की हितंच.”

यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही नाही. बीड जिल्ह्यात बसून, जाणाऱ्याचा हक्क राहणाऱ्यापेक्षा कमी असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यानं गरिबाची चराई कशी तोडली, ते लिहिलं. मी ते वर्गात वाचून दाखवलेलं आहे. त्या सकाळी जंगलखातं मीच होतो.

बोलणं घोडीवर वळलं ते मी वळवलं, कारण मुद्द्यावर हरत होतो. म्हटलं, आबा, तुमच्या या तट्टांना सरकारनं मान दिला आहे. 2024 साली भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून नोंद झाली. मराठ्यांच्या फौजेत नावाजलेलं ते तट्टू आज जिवंत आहे ते मुख्यतः धनगरांच्या बिऱ्हाडामुळं.

“नोंद झाली?” आबा हसले. “मंग चराया सोडू का?”

मी अमेरिकेची गोष्ट काढली. तिथं 1964 च्या कायद्यानं राखलेल्या रानात मोटार चालत नाही, पण घोडा चालतो. घोडेस्वारांची वाट बंद होईल या धास्तीनं 1973 साली मोंटाना राज्यात स्वारांनी संघटना काढली. ते पायवाटा दुरुस्त करतात, पडलेली झाडं बाजूला काढतात आणि त्या जोरावर आत जायचा हक्क मागतात. मला सुचवायचं होतं की तुम्हीही वर्षाला चार दिवस चरांतला गाळ काढा, म्हणजे गावाला नाही म्हणता येणार नाही.

“ते घोड्यावर बसून काय करत्यात तितं?”

“फिरतात. हौस.”

“हौसंचा घोडा आत, पोटाचा भाईर. चांगलंय.” मग मात्र ते गंभीर झाले. “गाळ काढू. चार न्हाई, आठ दिस काढू. पर मंग लिवून द्या.”

लिहून द्यायचं तर कायदा आहेच. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांची हंगामी चराई स्पष्ट शब्दांत आहे. मात्र जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं दाखवावी लागतात. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातीत आहेत, अनुसूचित जमातीत नाहीत. घरपट्टी नाही, सातबारा नाही, रात्रीचा विस्तव सकाळी विझवून निघालेल्या माणसानं 75 वर्षं कुठून दाखवावीत? वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, हे मी आबांना सांगितलं.

ते उठले, ओझ्यात हात घालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पिवळ्या पडलेल्या दंडाच्या पावत्या. काही वडिलांच्या नावावरच्या. प्रत्येकीवर तारीख, डोंगराचं नाव, मेंढरांचा आकडा.

“ह्योच आमचा सातबारा. दंड भरला म्हंजी आलो हुतो.”

मी पावत्या एकेक करून वाचल्या. जुन्या पावत्यांवर घोड्यांचाही आकडा होता, अलीकडच्यांवर नुसतं ‘बाहेरगावचे मेंढपाळ’. तीन भागांचा ठराव मी ग्रामसभेपुढे ठेवणार आहे. तो मंजूर होईल असं मला वाटत नाही, कारण सभेत हात वर करणाऱ्यांत आबा नसतील.

समितीचं पावतीपुस्तक माझ्या पिशवीत होतं. काढलं. आबांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव लिहिलं. घोड्या तीन, मेंढरं दोनशे दहा. मुक्काम कधीपासून, तेही लिहिलं. दंड दोनशे रुपये. त्यांनी कनवटीचे काढून दिले, मी घेतले.