मध्यरात्रीची घंटा

वाचनपाठ : लूक १४:१२-२४, १ करिंथ ११:१७-३४



तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या वाटेने निघाले म्हणजे ओरत्तनाडु हे गाव लागते. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल. परंतु मराठी माणसाचे त्या गावाशी जुने नाते आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ च्या सुमारास आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने तेथे एक छत्र बांधले. छत्र म्हणजे वाटसरूंना आसरा व अन्न देणारी धर्मशाळा. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजघराण्याने अशी अनेक छत्रे उभारली होती.

याच सरफोजी राजांच्या पदरी मराठी भाषेत एक पाकग्रंथ सिद्ध झाला. 'शरभेंद्र पाकशास्त्र' हे त्याचे नाव. त्यात ब्राह्मणी स्वयंपाक आहे, सामिष स्वयंपाक आहे आणि नवल असे की, इंग्रजी पद्धतीचा स्वयंपाकही आहे. कावेरीच्या काठी, मराठी भाषेत, विलायती पदार्थांची कृती! राजवाड्यात इंग्रज पाहुणे येत; त्यांच्यासाठी त्यांच्या देशाचे अन्न शिजे. तिकडे इंग्रजांनीही आपल्याकडून पुष्कळ उचलले. तमिळ लोकांचे मिरीचे पाणी, म्हणजे 'मिळगु तण्णीर', त्यांच्या मेजावर 'मलिगटानी' सूप होऊन बसले; आपली खिचडी 'केजरी' झाली. आपण ज्याला अस्सल विलायती समजतो त्या नाताळच्या पुडिंगातही जायफळ, लवंग, दालचिनी ही पूर्वेकडची मालमत्ता असते. अन्नाच्या बाबतीत कोणतेही राष्ट्र केवळ स्वतःचे खात नाही. आपण सारे एकमेकांचे ऋणी आहोत.

परंतु इंग्रजांच्या भाकरीच्या इतिहासात याहून मोलाची एक गोष्ट दडलेली आहे. ज्या 'लॉर्ड' शब्दाने इंग्रज सरदाराला आणि प्रभूलाही संबोधतात, त्या शब्दाचा प्राचीन अर्थ आहे 'भाकरीचा राखणदार'. 'लेडी' म्हणजे मुळात 'भाकरीची कणीक मळणारी'. आणि धन्याच्या आश्रयाने राहणाऱ्या चाकराला त्या जुन्या भाषेत 'भाकर खाणारा' म्हणत. ज्याच्या हाती भाकर, तो प्रभू. पण ती त्याने राखावयाची ती खाणाऱ्यांसाठी, कोठारात कुजवण्यासाठी नव्हे. त्या काळी १ ऑगस्टला नव्या गव्हाची पहिली भाकर भाजून लोक उपासनामंदिरात आणीत. त्या सणाचे नावच 'भाकरीचा मिस्सा' असे पडले होते. पुढे शुभ शुक्रवारी क्रुसाचे चिन्ह असलेला गोड पाव खाण्याची चाल रूढ झाली. घरच्या भट्टीतील पीठ देवाच्या वेदीशी जोडलेले आहे, हे त्या साध्या लोकांना ठाऊक होते.

दुर्दैव असे की, ठाऊक असलेले नेहमीच पाळले जात नाही. पुढे त्याच देशातील केक-पुडिंगांत जी साखर पडू लागली, तिच्यातील पुष्कळशी वेस्ट इंडीज बेटांवर गुलामांनी चाबकाखाली पिकवलेल्या उसाची होती. १७९१ साली पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा हजारो इंग्रज कुटुंबांनी ती साखर घरात आणणेच सोडले. ब्रिटिशांचा गुलामव्यापार कायद्याने बंद झाला तो १८०७ साली. भाकर कोणाच्या हातून, कोणत्या घामातून आली हे विचारणे हाही भक्तीचाच भाग आहे, हे त्या कुटुंबांना कळले होते.

आता पुन्हा तंजावरास येऊ. १७८० नंतर हैदर अलीच्या स्वाऱ्यांनी तो प्रांत उजाड झाला. किल्ल्यात दुष्काळ पडला. माणसे उपासमारीने मरू लागली. धान्य गावोगाव होते, पण ते आणायला शेतकरी तयार नव्हते. कारण राजाच्या किंवा कंपनीच्या वचनावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने मोबदल्याची स्वतः हमी घेतली. शेतकऱ्यांनी त्याच्या शब्दावर बैल दिले, धान्य किल्ल्यात पोहोचले आणि पुष्कळांचे प्राण वाचले. वाचकहो, त्या दिवशी तंजावरात खरा 'भाकरीचा राखणदार' कोण होता? ज्याच्या हाती राज्य होते तो नव्हे. ज्याच्या शब्दावर भुकेल्यांचा आणि शेतकऱ्यांचा भरवसा होता तो.

हाच श्वार्ट्झ पुढे बालक सरफोजीचा पालक व गुरू झाला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तो प्रभूकडे गेला. शिष्याने गुरूच्या स्मरणार्थ घडवून घेतलेले संगमरवरी शिल्प तंजावरच्या मंदिरात आहे; मरणशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला राजा त्यात दिसतो. सरफोजीने बाप्तिस्मा घेतला नाही. तो आपल्या वडिलांच्या धर्मात राहिला. पण १८०१ साली, राज्यकारभार कंपनीच्या हाती गेल्यावर, त्याने इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहिले, त्यात छत्रांचे धर्मकार्य चालू राहावे अशी कळकळीची विनंती आहे. तेथे ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळते. आजाऱ्याला वैद्य, अनाथ मुलांना शिक्षक, बाळंतिणीला आधार मिळतो. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की, ज्याला अजून अन्न मिळाले नसेल त्याने यावे, असे त्याने त्यात कळवले आहे.

ते सारे एकाच पंगतीस बसत, असे मी म्हणत नाही; तो काळ तसा नव्हता. पण ती मध्यरात्रीची घंटा मनातून जात नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायातील घरधनी काय करतो? आमंत्रितांनी सबबी सांगितल्यावर तो चाकराला गल्लीबोळांत पाठवतो, आणि अजून जागा आहे असे कळताच पुन्हा रस्त्यांवर व कुंपणांकडे धाडतो. घर भरेपर्यंत त्याला चैन नाही.

आणि आपली मंडळी? याच तंजावरात, श्वार्ट्झच्या हयातीतही, ख्रिस्ती लोक मंदिरात जातीप्रमाणे वेगळे बसत. प्रभुभोजनाचा प्यालाही वरच्या जातीचे आधी घेत. एवढा थोर सेवक. पण ही चाल त्याने चालू दिली. १८३३ साली बिशप डॅनिएल विल्सन यांनी पत्र लिहून मंडळीतील जातिभेद सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा तंजावरातील पुष्कळ जण मंडळी सोडून गेले. भाकर सोडली, पण आपली जागा सोडली नाही! पौलाने करिंथकरांना जे खडसावले ते हेच. शेजारी भुकेला असता जो आपलेच जेवण आधी उरकतो, त्याचे जेवण प्रभूचे भोजन राहत नाही.

प्रिय वाचकहो, तंजावरकरांना नावे ठेवणे सोपे आहे. आपण स्वतःकडे पाहू. नाताळात आपल्या घरून केक-करंज्यांची ताटे निघतात. ती कोणत्या घरी जातात? ज्या घरून तेवढेच ताट परत येणार, तेथेच ना? मंडळीतील एखादे घर असे नाही ना की, ज्याचे ताट आपण हसून घेतो आणि न चाखता कामवालीला देऊन टाकतो? रविवारी एकाच भाकरीतून घेणारे आपण, सोयरीक ठरवताना पूर्वीची जात कुजबुजत विचारतो की नाही? परतफेड करू न शकणारा एक तरी माणूस गेल्या वर्षी आपल्या घरी पाटावर बसून जेवला काय? लूक १४:१२-१४ मधील प्रभूचे शब्द उघडे ठेवून या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

आपला प्रभू भाकरीचा केवळ राखणदार नाही. तो स्वतःच भाकर झाला आहे. त्याने आपल्याला स्वतःजवळ राखले नाही, मोडून दिले. अम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांनी त्याला ओळखले तेही भाकर मोडताना. आज जग आपल्याला कशावरून ओळखणार?

या आठवड्यात एक करावे. ज्याला आपण आजवर बोलावले नाही असे एक नाव मनात धरावे, त्या घरी स्वतः जावे, आणि त्यांना जेवावयास आणावे. निदान त्यांच्या घरी बसून त्यांची भाकर खावी. रात्र बरीच झाली आहे, परंतु घंटा अजून वाजत आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्यासाठी मोडला गेलास. आमच्या मेजावरील अदृश्य भिंती तू पाड. आमच्या हाती दिलेली भाकर भुकेल्यांसाठी राखण्याची बुद्धी दे, आणि जे अजून बाहेर आहेत त्यांना हाक मारण्यासाठी आमचा आवाज वापर. आमेन.