निवृत्तीचे वय : हक्काची रेषा आणि सक्तीची रेषा

ठरावीक वय झाले की काम थांबवायचे, ही कल्पना पुरातन वाटते. प्रत्यक्षात तिला दीड शतकही झालेले नाही. वानप्रस्थाची वेळ सांगताना मनुस्मृतीने वर्षे मोजली नाहीत. सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले की ती वेळ आली, एवढेच तिने सांगितले. शेतकरी, सुतार, वैद्य हातपाय चालतील तोवर काम करत आणि पुढे त्यांचा भार मुलांवर जाई.

कामगारांसाठी वर्षांचा आकडा आणला तो आधुनिक राज्यसंस्थेने. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत 1889 मध्ये वृद्धापकाळ व अपंगत्व विम्याचा कायदा झाला. त्यात निवृत्तिवेतनाचे वय 70 होते. 65 हा आकडा बिस्मार्कचाच, असे सर्रास लिहिले जाते, पण तो 1916 मध्ये आला. कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः 74 वर्षांचा होता आणि चान्सलरपदावर होता. कायद्याने वृद्धांना घरी पाठवलेच नव्हते. ज्याला काम झेपत नाही त्याला काही आधार दिला होता. ब्रिटनच्या 1908 च्या कायद्याचेही तसेच. सत्तरीच्या गरजू माणसाला आठवड्याला जास्तीत जास्त 5 शिलिंग मिळत. या दोन्ही कायद्यांत वयाची रेषा ही हक्क सुरू होण्याची रेषा होती.

सक्ती आली ती दुसऱ्या वाटेने. यंत्राच्या वेगाशी जुळवून घेणारे तरुण हात कारखान्यांना हवे होते, आणि म्हातारपण म्हणजे अकार्यक्षमता हा समज विद्वानांतही रुजत होता. 1905 मध्ये विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी निरोपाच्या भाषणात साठीनंतरची माणसे निरुपयोगी ठरतात, असे मत मांडले आणि मोठे वादळ उठले. ते स्वतः मात्र ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले आणि 1919 मध्ये सत्तरीत निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. महामंदीच्या काळात, 1935 मध्ये, अमेरिकेने सामाजिक सुरक्षेसाठी 65 हे वय धरले. पुढे अनेक मालकांनी तेच वय नोकरी संपवण्यासाठी वापरले आणि दोन वेगळ्या रेषा एकच होऊन बसल्या. आजचा बराचसा गोंधळ तिथलाच आहे.

भारतात सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षी पेन्शनीत निघे. केंद्राने हे वय 1962 मध्ये 58 आणि 1998 मध्ये 60 केले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश 65 पर्यंत, उच्च न्यायालयाचे 62 पर्यंत काम करतात. एवढी तफावत पाहता हे आकडे माणसाच्या शक्तीचे मोजमाप नव्हेत, प्रशासनाने केलेली सोय आहे, हे मान्य करायला हवे. महाराष्ट्राला याचा सर्वांत बोलका दाखला धोंडो केशव कर्व्यांनी दिला. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते 1914 मध्ये निवृत्त झाले, दोन वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यासाठी परदेश पालथे घातले.

वृद्धांना मुदतवाढ दिली तर तरुणांच्या जागा अडतात, हा आक्षेप मात्र सगळीकडे पोकळ नाही. मोठ्या अर्थव्यवस्थेत कामांची संख्या ठरलेली नसते. वृद्ध कमावतात, खर्च करतात, त्यातून नवी कामे निघतात. सरकारी कार्यालयात तसे नसते. आकृतिबंधात मंजूर पदे मोजकीच असतात, आणि एकाला मुदतवाढ मिळाली की खालच्याची पदोन्नती आणि बाहेर थांबलेल्या उमेदवाराची भरती खरोखरच अडते. स्पर्धा परीक्षांची तयारी करत वर्षे घालवणाऱ्या मुलामुलींची तक्रार म्हणूनच रास्त आहे. पद रिकामे करून अनुभव मात्र सल्लागार किंवा प्रशिक्षक म्हणून वापरणे, हा त्यातला अधिक न्याय्य मार्ग.

इतर देशांनी सक्तीची रेषा निरनिराळ्या प्रकारे सैल केली. अमेरिकेने 1986 मध्ये बहुतेक नोकऱ्यांतून ती काढली, ब्रिटनने 2011 मध्ये. जपानमध्ये कंपन्या साठीला निवृत्त करतात, पण 65 पर्यंत कामाची सोय करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. बहुधा त्याच माणसाला कमी पगारावर परत घेतले जाते. काम तेच आणि मोबदला कमी, ही यातली सलणारी बाजू आहे.

हक्काच्या रेषेला भारतात बळ दिले ते 1982 च्या नाकारा खटल्याने. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. हा हक्क पगारदारांचा. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, हमाल, फेरीवाले यांना निवृत्तीचे वयच नसते; सत्तरीतही ते कामावर दिसतात आणि त्यामागे बहुतेकदा गरज असते. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून दारिद्र्यरेषेखालील 60 ते 79 वयाच्या व्यक्तीसाठी येणारा वाटा महिना 200 रुपये आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, तरी मिळणाऱ्या रकमेत काम सोडून घरी बसणे त्यांना परवडत नाही.