वाऱ्याच्या वाटेवरचा शेजारी

लॉस एंजेलिसच्या अनेक उपनगरांत पाव आणायलाही मोटार काढावी लागते. तिच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवून दिले. समुद्रावरचा वारा तो दुपारी पूर्वेकडे, सॅन बर्नार्डिनोकडे नेतो. तेथे अंगणात खेळणाऱ्या दमेकरी मुलांना धाप लागते. अपराधी कोण? चालक म्हणेल, “मी तर कामावर गेलो, बसची सोय नाही, मग जाऊ कसा?” त्याचे म्हणणे खरे आहे. पण दोष लाखोंत वाटला गेला म्हणून मुलाची धाप थांबत नाही. जे एकट्याने केले नाही, ते एकट्याने निस्तरत नाही. बस, पदपथ व स्वच्छ इंजिने यांसाठी कर आणि मत देणे, हाच तेथला शेजारधर्म होय.