वेदी वाट पाहते

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या भटजींची मोठी ओढाताण होते. पेठेतली वीस दुकाने आणि मुहूर्त मात्र एकच! ते आमच्या घरी वेळेवर पोचतील ही आशा आम्ही केव्हाच सोडली आहे. घरातले वडीलधारे माणूस पोथी उघडते, सूनबाई तबकात अक्षता ठेवते आणि पूजा होऊन जाते. भटजी आले नाहीत म्हणून लक्ष्मी उंबरठ्यावरून परत फिरली, असे आम्हांला कधी वाटले नाही.

कॅथलिक माणसाला ही सोय नाही. अडीअडचणीला बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. प्रार्थना तर ज्याची त्याची. पण त्याच्या उपासनेचा गाभा म्हणजे मिस्सा, आणि ती धर्मगुरूवाचून होत नाही. वेदीवर भाकर आहे, द्राक्षारस आहे, माणसे गुडघे टेकून बसली आहेत. पण दीक्षा घेतलेला हात नसेल, तर भाकर ही भाकरच राहते. म्हणून धर्मगुरू कमी पडू लागले, की तो नुसता नोकरभरतीचा प्रश्न उरत नाही.

आणि ते कमी पडत आहेत. १९७० साली जगात सुमारे ६५ कोटी कॅथलिक होते आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख २० हजार. २०२२ च्या अखेरीस लोक १३९ कोटींच्या घरात गेले. धर्मगुरू मात्र सुमारे ४ लाख ७ हजारच. आफ्रिकेत आणि आशियात त्यांची संख्या वाढते आहे, युरोपात ती भराभर घटते आहे. ज्या आयर्लंडने एके काळी साऱ्या जगाला फादर पुरवले, तिथे आज अनेक धर्मग्रामे मिळून एकाच वृद्ध फादरांच्या हाती सोपवावी लागतात.

यावर एक उपाय उसनवारीचा. भारतातले कितीतरी फादर आज युरोपातल्या वेद्या सांभाळतात. असे परमुलखी जाणे आपल्याकडे नवे नाही. गोव्याचे फादर जोसेफ वाझ १६८७ साली वेष पालटून सिलोनात शिरले, कारण डच राजवटीने तिथे धर्मगुरूंना बंदी केली होती. २०१५ साली त्यांना संतपद मिळाले. पण दडपशाहीने पोरके झालेल्यांकडे धावून जाणे वेगळे, आणि ज्यांच्या घरचा मुलगा पुढे येत नाही त्यांची उणीव भरून काढणे वेगळे. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण काही आपल्यापुरतीच खरी नाही.

दुसरा उपाय नियम सैल करण्याचा. ॲमेझॉनच्या अरण्यातल्या वस्त्यांना महिनोन् महिने, कधी काही वर्षे, धर्मगुरूचे दर्शन होत नाही. २०१९ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने बहुमताने सुचवले, की तिथल्या जाणत्या संसारी पुरुषांना दीक्षा देता यावी. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांचे उत्तर आले. त्यात या सूचनेला होकार नव्हता. ब्रह्मचर्याचा नियम हे श्रद्धेचे तत्त्व नव्हे, ती शिस्त आहे. पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरांत विवाहित धर्मगुरू आजही आहेत. शिस्तीलाही मोल असते, हे मी मास्तर असल्याने जाणतो. पण तिची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला नको का?

मग कोणी म्हणतो, लोकांनी आपले आपण निभवावे. जपानात त्यांनी निभवलेही. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, पुढे एकही धर्मगुरू उरला नाही. शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी चोरून बाप्तिस्मा दिला, सणांची तिथी राखली, प्रार्थना तोंडपाठ पुढच्या पिढीला दिल्या. दोनशे वर्षांनी, १८६५ साली, नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि फ्रेंच फादरांना हळूच म्हणाले, की आमचे आणि तुमचे अंतःकरण एकच आहे. केवढी ही निष्ठा! पण सगळेच परतले नाहीत. काहींना वाडवडिलांनी अंधारात जपलेली रीतच आपली वाटू लागली होती. ते चर्चबाहेरच राहिले. त्यांना दोष कोणी द्यावा?

मी आजारी पडलो, की वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी इतरांकडून पाढे म्हणवून घेते. त्यावरून वर्ग चांगला आहे एवढे ठरते. मास्तर नको आहे, असे ठरत नाही. आणि वरिष्ठांनी वर्षानुवर्षे मास्तर न पाठवता त्या मुलीची पाठ थोपटत राहावे, हे तर मुळीच बरे नाही.

लोकांची सोशिकता हे थोर धन आहे. पण ज्यांच्या हाती काही करणे आहे, त्यांनी त्या धनावर निर्धास्त राहू नये. वाट पाहणाराही एक दिवस उठून जातो. आणि जाताना तो रागावलेला असतोच असे नाही. त्याला नुसती सवय झालेली असते.