बाळ रडते तेव्हा



काही दिवसांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्सात प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर एक तान्हे बाळ रडू लागले. आईने थोपटले, खांद्यावर घेतले, पण रडे थांबेना. पुढच्या बाकांवरच्या माना एकेक करून मागे वळल्या. आणि कबूल करायला हवे, आम्हीही वाक्य अर्धवट सोडून तिकडे पाहिले. ती माउली दुपटे गोळा करून बाहेर गेली. त्यानंतर तीन रविवार ती मिस्साला दिसली नाही. त्या दिवशीचे आमचे प्रवचन कशावर होते, हे आज आम्हालाही आठवत नाही.

निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात फारोची मुलगी नदीकाठी लव्हाळ्याची पेटी उघडते, तेव्हा आत मोशे रडत असतो. हिब्रू मुलगे नदीत टाकावेत, असा तिच्याच बापाचा हुकूम होता. तरी त्या रडण्याने तिला पाझर फुटला. पण बाळाला नुसती दया पुरत नाही, त्याला दूध लागते, कूस लागते. बाळाच्या बहिणीने दाई आणू का म्हणून विचारले आणि आणली ती त्याची सख्खी आई! राजकन्या, बहीण, आई, अशा तिघींचे हात लागले तेव्हा ते बाळ वाचले आणि वाढले.

आज आपल्या घरात किती हात असतात? पूर्वी बाळ किरकिरले की आजी, आत्या, शेजारची मावशी ते आपल्याकडे ओढून घेत. आता दाराला कडी, नवरा कामावरून रात्री येणार, आणि संध्याकाळ झाली की बाळाचा सूर लागतो. तान्ह्या बाळाचे रडणे जन्मानंतर साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते, बहुधा संध्याकाळी जास्त असते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. भूक, ओले लंगोट, अडकलेली ढेकर, उकाडा, हे सगळे पाहून झाले तरी काही बाळे रडतातच. त्यात आईचा दोष नसतो. ‘तुझे दूध पुरत नसेल’ असे चटकन म्हणणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर ध्यानात घ्यावे. (दृष्ट काढणाऱ्यांविषयी पुन्हा कधीतरी बोलू.)

मग करायचे काय? छातीशी धरून चालायचे. जपानमधील संशोधकांनी २०२२ साली दाखवून दिले की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सलग चालले की पुष्कळ बाळे शांत होतात. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटे तसेच बसून राहावे आणि मग खाली ठेवावे, म्हणजे ते सहसा दचकून उठत नाही. आपल्या आज्यांना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते! मात्र जुने सगळेच चांगले नव्हते. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया एके काळी मुलाला अफूची बाळगोळी देत. गरिबी आणि एकटेपणा माणसाला काय करायला लावतो, ते त्यातून दिसते. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला शंभराच्या वर ताप असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

आणि रात्री दोन वाजता संताप आलाच तर? येतो, चांगल्या आईबापांनाही येतो. अशा वेळी बाळाला कधीही गदागदा हलवू नये. त्याची मान कोवळी असते, मेंदूत रक्तस्राव होऊन ते जिवाला मुकू शकते. त्याला पाळण्यात उताणे ठेवावे, पाच मिनिटे बाहेर उभे राहावे, कुणाला तरी हाक मारावी. ही हाक ऐकायला आपण शेजारी आहोत ना?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१४ च्या जानेवारीत, प्रभूच्या स्नानसंस्काराच्या सणाला, सिस्टाईन चॅपेलमध्ये ३२ बालकांना स्नानसंस्कार दिला. बाळे भुकेने रडत असतील तर तिथेच, निःसंकोचपणे पाजा, असे त्यांनी आयांना सांगितले. मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली जे चालते, ते आपल्या देवळात का चालू नये?

गेल्या मंगळवारी आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती संकोचली, चहा ठेवायला उठली. बाळ आमच्या हाती आले आणि लगेच रडू लागले. आम्ही ओटीवर फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत ते आमच्या झग्यावर दूध ओकले आणि झोपले.

येत्या रविवारपासून पंख्याखालचे, बाजूच्या दाराजवळचे दोन बाक तान्ही मुले असलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवले आहेत. तिथे वडिलांनीही बसावे. बाळ रडले तर आम्ही आवाज थोडा चढवू.