आकस्मिक मृत्यू आणि ख्रिस्ती माणसाची सिद्धता

1 नोव्हेंबर 1755 रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरातील लहानथोर देवळे उपासकांनी भरून गेली असता आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या तेवत असता, साडेनऊच्या सुमारास धरणी हादरली आणि काही मिनिटांत पोर्तुगालच्या राजधानीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. कोसळत्या भिंतींतून निसटून जे लोक मोकळ्या जागेच्या आशेने टॅगस नदीच्या धक्क्यावर धावले, त्यांच्यावर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा चालून आल्या. आणि देवळांतील मेणबत्त्यांनी व घरोघरच्या चुलींनी पेटलेली आग पुढे कित्येक दिवस शहर जाळीत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातील ग्रंथसंग्रह आणि गोव्याशी व पूर्वेकडील इतर ठाण्यांशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचे दप्तर, हे सारे त्या प्रलयात नाहीसे झाले. हजारो माणसे मेली, आणि त्यांतील कितीएक गुडघे टेकून प्रार्थना करीत असतानाच मेली.

त्या वेळी लिस्बनमध्ये गाब्रिएल मालाग्रिदा नावाचा एक वृद्ध येशूसंघीय धर्मोपदेशक होता. भूकंपाचे कारण भूगर्भात शोधणे हे पाप असून नगराची दुष्कर्मेच त्याला कारण झाली, असे त्याने 1756 साली एका पुस्तिकेत बजावले, आणि झोपड्या व नवी घरे उभारण्यात लोक जो उत्साह दाखवीत आहेत तो त्यांनी पश्चात्तापात दाखवावा, अशी इच्छा प्रकट केली. कारभारी मंत्र्याची त्याच्यावर इतराजी झाली. त्याला राजधानीतून हद्दपार करण्यात आले, पुढे कैदेत टाकण्यात आले, आणि अखेर 1761 साली इन्क्विझिशनच्या फैसल्यान्वये भर चौकात गळा आवळून ठार करून त्याचे प्रेत जाळण्यात आले. त्याच्या मताचा कितीही प्रतिवाद केला, तरी ही शिक्षा घोर अन्याय होती हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाने प्रथम कबूल केले पाहिजे.

तथापि मृतांच्या पापांची कैफियत आपल्याला वाचता येते, हा जो त्याचा समज, त्याला स्वतः प्रभूचीच मान्यता नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात काही लोक येशूकडे एक भीषण वार्ता घेऊन येतात, की पिलाताने गालीलकरांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळले. म्हणजे तेही उपासना करीत असतानाच मारले गेले होते. येशू त्या वार्तेला दुसऱ्या एका दुर्घटनेची, शिलोहाचा बुरूज पडून चिरडलेल्या अठरा जणांची, जोड देतो आणि विचारतो की हे मेलेले लोक इतरांहून अधिक अपराधी होते असे तुम्हांस वाटते काय. उत्तरही तोच स्पष्ट नकारार्थी देतो, आणि लगेच पश्चात्तापाचे आवाहन ऐकणाऱ्यांकडे वळवितो. मृतांविषयीची चौकशी तेथे कायमची दाखल-दप्तर होते, आणि जाबजबाब जिवंतांचा सुरू होतो.

मग ही जी पश्चात्तापयुक्त सिद्धता, ती म्हणजे नेमके काय? पंधराव्या शतकात मरणाची कला शिकविणाऱ्या ज्या पुस्तिका युरोपभर प्रसृत झाल्या, त्यांत मरणशय्येवरील माणसाची अखेरची कसोटी, त्याच्याभोवतीचे आप्त, त्याची कबुली व प्रार्थना यांचा सविस्तर विधी आहे. त्या विधीत पुष्कळ करुणा आणि शहाणपण आहे. परंतु त्याला अवकाश लागतो, आणि आकस्मिक आपत्ती नेमका तोच हिरावून घेते. म्हणूनच प्राचीन ख्रिस्तसभेने आपल्या संतांच्या विनवणीत अवचित व असिद्ध मरणापासून मुक्ती मागितली. या विनवणीत जगण्याचा लोभ नाही. शेजाऱ्याशी तुटलेले जोडायचे राहून जाईल, घेतलेले परत करायचे राहून जाईल, ही रास्त चिंता तिच्यात आहे. त्याचप्रमाणे सिद्धता म्हणजे निर्विकारताही नाही, कारण गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू मरणाच्या छायेत व्याकूळ झाला होता. आणि जो शोक त्याला वर्ज्य नव्हता तो आपत्तीत आप्त गमावलेल्या कोणत्याही मातेला वर्ज्य असू शकत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत निःसंदिग्ध उत्तर मला शिलोहाच्या वृत्तांताच्या अगदी आधी, लूकाच्या बाराव्या अध्यायात सापडते. धनी अनपेक्षित घटकेला परत येतो तेव्हा जो विश्वासू कारभारी धन्य ठरतो, तो त्या क्षणी वेशीकडे डोळे लावून बसलेला नसतो, कोठडीत स्वतःच्या पापांची उजळणी करीतही नसतो. घरातील चाकरमाणसांना वेळच्या वेळी त्यांचा शिधा वाटीत असतो. रोजची कीर्द रोज मांडणाऱ्या दुकानदाराला तपासनीस कोणत्या दिवशी येणार याची धास्ती नसते, तशीच या कारभाऱ्याची निर्भयता आहे. या दृष्टीने पाहता लिस्बनमध्ये ज्यांनी उघड्यावर पडलेल्यांसाठी झोपड्या उभारल्या, अन्न पोचविले, आणि रोगराई टाळण्यासाठी धर्माध्यक्षांच्या संमतीने प्रेते पडावांतून नेऊन समुद्रात सोडली, त्यांच्या श्रमांत आणि पश्चात्तापात मालाग्रिदाने पाहिलेला विरोध मुळात नव्हताच. मन पालटल्याचा दाखला हातांनीच द्यावा लागतो.

तरीही आपल्या वाटपाच्या हिशेबावर कोणाचे तारण अवलंबून नाही, हे ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म येथे विसरता कामा नये. वधस्तंभावरील चोराजवळ कोणतीही शिल्लक नव्हती, वेळही नव्हता, आणि तरी त्याचा स्वीकार झाला. तेव्हा वेदीसमोर मेलेला, बाजारात मेलेला आणि झोपेत मेलेला, हे तिघेही त्याच एका कृपेच्या हवाली आहेत, व त्यांच्यासंबंधी निवाडा सांगण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे तो आजचा दिवस, आणि त्यात चुकते करावयाचे मजुराचे वेतन, मागावयाची क्षमा व भुकेल्याला द्यावयाची भाकर. ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास आहे त्याने ही कामे मरणाच्या धाकाने करावयाची नाहीत. मरण अखेरचे नाही या खात्रीने ती निश्चिंत मनाने करावीत, आणि उद्याचा दिवस लाभलाच तर तीच पुन्हा हाती घ्यावीत.