कौशिकाचं सत्य

बायका शेड कार्डावर बोट ठेवून रंगाचं नाव सांगतात, आम्ही पार्लरवाल्या मनात नंबर म्हणतो. अमेरिकेत 1970च्या दशकात क्लेरॉल कंपनीच्या 'बॉर्न ब्यूटिफुल' केसांच्या रंगात 512 नंबर होता, तांबूस झाक असलेला गडद तपकिरी. डब्यावर एका काळ्या तरुणीचा चेहरा. ती ट्रेसी नॉर्मन, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कची. 1975 साली आयर्व्हिंग पेनसारख्या छायाचित्रकाराने इटालियन 'व्होग'साठी तिला निवडलं आणि तिला कामं मिळू लागली. अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर पहिली काळी मॉडेल, बेव्हर्ली जॉन्सन, आली ती 1974 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे काळ्या मुलींसाठी दार नुकतं कुठे किलकिलं झालेलं. त्यात ट्रेसीची जन्मनोंद मुलगा अशी होती, आणि हे तिने कामाच्या ठिकाणी कुणाला सांगितलं नव्हतं.

1980 मध्ये काळ्या स्त्रियांच्या 'इसेन्स' मासिकासाठी तिचं फोटोशूट चाललं होतं. ट्रेसीने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, केस करणाऱ्याच्या मदतनिसाला तिचं पूर्वीचं माहीत होतं. त्याने ते संपादिकेच्या कानावर घातलं. फोटो छापले गेले नाहीत आणि न्यूयॉर्कमधली कामं आटली. पुढे पॅरिसला बालेन्सियागाच्या शोरूममध्ये तिला काही काळ काम मिळालं, पण गेलेले दिवस परत आले नाहीत.

गंमत बघा. याच क्लेरॉलची 1956 पासूनची गाजलेली जाहिरात अशी, की बाईने केस रंगवलेत की नाही हे फक्त तिचे केस करणाऱ्यालाच ठाऊक! आमचा अख्खा धंदा या एका भरवशावर चालतो. आणि तो भरवसा मोडला तो केस करणाऱ्याच्याच हाताखालच्या माणसाने.

आता धर्माचा प्रश्न. त्या मदतनिसाने खोटं काय सांगितलं? काहीच नाही. मग दोष कुणाचा, बोलणाऱ्याचा की गप्प राहिलेल्या ट्रेसीचा?

माझ्याकडे डोंबिवलीत येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. मी त्यांना ही हकिकत सांगितली तर पटकन म्हणाल्या, "अगं, लपवणं म्हणजे फसवणंच की." त्या हे म्हणत होत्या तेव्हा त्यांच्या भांगातल्या पांढऱ्या मुळांना मी काळा रंग लावत होते. मी काही बोलले नाही. पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी न्यावा असा नाही. सत्याला आपल्याकडे परमेश्वर मानतात, तेव्हा "कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे उत्तर पुरेल का?

उत्तर मला कर्णपर्वात सापडतं. आमच्या देवळात चातुर्मासात महाभारतावर प्रवचनं होतात, तिथे मी ही गोष्ट ऐकली. कौशिक नावाचा ब्राह्मण. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं रानात लपली. दरोडेखोर मागोमाग आले, त्यांनी विचारलं, कौशिकाने जागा दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. हे सांगतो कोण, तर श्रीकृष्ण. ऐकतो अर्जुन, जो तेव्हा प्रतिज्ञा पाळायची म्हणून मोठ्या भावावर तलवार उगारून उभा आहे.

त्याच महाभारतात पांडवांचा अज्ञातवास आहे. विराटाच्या घरी अर्जुन बृहन्नडा, साक्षात धर्मराज कंक. वर्षभर पाचही भाऊ आणि द्रौपदी दुसऱ्याच नावाने जगले, आणि कुणी ओळखणार नाही असा वर खुद्द यमधर्माने दिलेला. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा म्हणतात. कंक होऊन राहिल्याने तो खाली आला नाही. अश्वत्थामा मेल्याचं अर्धसत्य बोलून द्रोणांचा घात झाला, तेव्हा टेकला. शब्दाने कुणाचा घात होतो का, यावर महाभारत खऱ्याखोट्याचा निवाडा करतं, असं मला वाटतं.

अर्थात माझा दाखला एका ठिकाणी लंगडा पडतो. कंक हे सोंग होतं. ट्रेसीचं बाईपण सोंग नव्हतं. सोंग असलंच तर न्यूअर्कमध्ये मुलगा म्हणून वाढताना तिला घ्यावं लागलं ते. मग तिने नेमकं लपवलं काय? डब्याने केसांना रंग द्यायचं कबूल केलं होतं, तो दिला. याहून जास्त काही बायकांनी विकत घेतलं नव्हतं.

स्वतः सांगणं ही मात्र वेगळी गोष्ट. मनिलात जन्मलेली जीना रोसेरो न्यूयॉर्कमध्ये कित्येक वर्षं मॉडेल होती. 2014 मध्ये तिने टेडच्या व्यासपीठावर आपण ट्रान्स असल्याचं सांगितलं. तेच सत्य, पण वेळ तिने निवडलेली. 2016 मध्ये जीना आणि ट्रेसी 'हार्पर्स बझार'च्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर एकत्र आल्या. त्याच वर्षी क्लेरॉलनेही ट्रेसीला परत बोलावलं. मला आनंद झाला, पण धंदेवाईक डोळ्याने बघितलं तर आधी तिच्या गप्प राहण्यावर माल खपला, मग तिच्या सांगण्यावर खपला. नेपाळमधल्या नुवाकोटची ट्रान्स मॉडेल अंजली लामा लॅक्मे फॅशन वीकच्या चाचणीत आधी नाकारली गेली, तरी पुन्हा आली आणि 2017 मध्ये मुंबईत रॅम्पवर चालली, कुणापासून काही न लपवता. हे चांगलंच झालं. पण म्हणून प्रत्येकीने आपली जन्मनोंद गळ्यात अडकवूनच कामाला यावं, ही अपेक्षा कुणी करू नये. विचारायचा हक्क नसलेल्याला उत्तर न देणं म्हणजे असत्य नव्हे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी कात्री हातात द्यायच्या आधी कौशिकाची गोष्ट सांगते. जिला ती पटत नाही, तिने खुशाल दुसरीकडे शिकावं.